मागाच्या खड्ड्यातली मरळ

नागपूरला समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचं पुस्तक उघडावं लागत नाही. तरी इथल्या माणसाला जिवंत मासोळी खायची हुक्की यायची ती यायचीच, आणि आली की त्या काळी तो सायकलवर टांग टाकून तांडापेठ गाठायचा. बाहेरगावचा पाहुणा असला तर त्याला कुणीही रस्ता सांगायचं. गोळीबार चौकातून आत वळा, दोन बोळ सोडा, जवसाच्या तेलात मसाला परतल्याचा ठसका लागला की थांबा. पाटी शोधू नका, पाटी नाही.

खाणावळ चालवायची कौशल्याबाई, पण लोकांच्या तोंडी नाव होतं 'जागेश्वरचा खड्डा'. जेवायच्या खोलीच्या कोपऱ्यात जमिनीत एक खड्डा होता, आतून सिमेंट लावलेला, पाण्यानं भरलेला. वर बांबूची जाळी. गिऱ्हाईक आलं की तिचा नवरा जागेश्वर ती जाळी उचलायचा. काळपट, जाडजूड मरळ पाण्यात अंग वळवत फिरत असायच्या. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं, जागेश्वरनं बाह्या सरसावून नेमकी तीच धरायची आणि मागच्या अंगणात न्यायची. तोवर गिऱ्हाइकानं पाटावर बसून कांदा चावत वाट पाहायची. याहून ताजं समुद्राकाठच्या लोकांनी करून दाखवावं!

हा खड्डा काही मासोळीसाठी खणलेला नव्हता. कोष्ट्याच्या घरचा माग जमिनीत रोवलेला असतो. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून फळ्या दाबतो. जागेश्वर हेडाऊचे पाय पोरवयापासून त्या खड्ड्यात होते. त्याआधी त्याच्या बापाचे होते. पुढे यंत्रमागाचं लुगडं स्वस्तात मिळायला लागलं, गांधीबागेतले व्यापारी हातमागाच्या मालाकडे बघेनासे झाले, सूत मिळेना आणि मिळालं तर विणलेलं उठेना. पेठेतली माणसं पांगली. कुणी गिरणीत लागला, कुणी रिक्षा ओढायला लागला. जागेश्वर कुठेच गेला नाही. माग बंद पडल्यावरही तो सकाळी आंघोळ करून खड्ड्यात पाय सोडून बसायचा. समोर ताणा नाही, हातात धोटा नाही. नुसता बसायचा.

याला दुःख म्हणावं तर दुःखात माणूस निदान चिडतो, बायकोवर खेकसतो, शेजाऱ्याशी भांडण उकरून काढतो. हा गडी कशालाच काही म्हणेना. वाढलं तर जेवायचा, वाढलं नाही तर आठवण द्यायचा नाही. काही विचारलं की "बरं" म्हणायचा. अशा नवऱ्याबरोबर संसार करणाऱ्या बाईनं वरवंटा उगारला नाही, यातच कौशल्याची थोरवी आली.

तिनं वरवंटा मसाल्यासाठी वापरला. खसखस, खोबरं, धणे, मिरच्या असं काय काय भाजून ती पाट्यावर असं वाटायची की शेजारच्या घरातली माणसं शिंकत बाहेर यायची आणि वाटी घेऊन आत यायची. आधी आळीतले चार जण जेवायला लागले, मग बाजारातले गुमास्ते यायला लागले. मटण सगळीकडे मिळत होतं. मासोळी मात्र रुपराव धिवरामुळे आली. रुपराव रामटेककडच्या तलावांवर जाळं टाकणारा. टिनाच्या डब्यात पाणी घालून, त्यात जिवंत मरळ घेऊन तो सकाळच्या गाडीनं इतवारी स्टेशनात उतरायचा. एका दिवशी त्याचा माल उरला. परत न्यावा तर वाटेत मरेल, इथे ठेवावा तर कुठे?

"वयनी, एखादं टाकं हाये का गा तुमच्याइथं?" त्यानं दारातून विचारलं.

कौशल्यानं घरभर नजर फिरवली. ती फिरत फिरत खड्ड्यावर येऊन थांबली. जागेश्वर तिथे बसलेलाच होता.

"जयाचे बाबा," ती म्हणाली, "जरा पाय काढा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि पाय काढले.

त्या आठवड्यात माग सुटा होऊन माळ्यावर गेला, खड्ड्याला सिमेंट लागलं आणि विहिरीचं पाणी पडलं. जागेश्वरच्या हाती नवं काम आलं. पाणी बदलायचं, मेलेली मासोळी बाहेर काढायची, जाळीवर दगड ठेवायचा. दगड विसरला की मरळ उडी मारून बाहेर पडायची. एकदा एक जण जेवता जेवता किंचाळून उठला, पाटाखाली वळवळतंय म्हणून. जागेश्वरनं शांतपणे हात घालून मासोळी उचलली आणि परत पाण्यात सोडली. बाकीचे हसून लोटपोट झाले. त्याला हसू आलं नाही आणि रागही आला नाही.

गिऱ्हाइकांत एक मनोहरराव होते. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून, मूळचे कोकणातल्या एका बंदराच्या गावचे. बदली होऊन नागपुरात आले तेव्हापासून त्यांचा एकच धोशा. हे काय गोड्या पाण्यातलं खाता, आमच्याकडे या, पहाटे होड्या लागतात, सुरमई, पापलेट, बांगडा, फडफडता घ्या आणि तव्यावर टाका. ते असं बोलत बोलत दुसऱ्यांदा रस्सा मागायचे.

"मंग इथं काहून येता दर रविवारी?" कौशल्या त्यांना छेडायची. "गाडीत बसा, जा तिकडं."

"अहो बाई, चवीसाठी नाही येत," मनोहरराव घाम पुसत म्हणायचे. "तुमच्या दारातून आत पाऊल टाकलं ना, की मला आमच्या बंदरावर आल्यासारखं वाटतं. डोळे मिटले तर गावच!"

कौशल्याला ते फार आवडायचं. ती आल्यागेल्याला सांगायची, की आमच्या घरात त्या साहेबाले समुद्र दिसते. डोळे मिटल्यावर माणसाला गाव कशावरून आठवतं, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. जागेश्वरला तर नाहीच नाही. ते दोघं आणि त्यांची लेक जया, तिघंही वर्षानुवर्षं त्या खड्ड्याशेजारी झोपत, उठत, जेवत होते. येणारी गिऱ्हाइकं मासोळीच खायला यायची. वासाबद्दल तक्रार करणारा माणूस त्या दारात येणारच कशाला?

जयाचं लग्न जमलं उमरेडला. मुलगा देवराव, जातीतलाच, पण घरचा माग सोडून कोळशाच्या खाणीत नोकरीला लागलेला. घर चांगलं होतं. एवढंच की देवरावची आई सखूबाई हिनं गळ्यात माळ घातलेली, त्यामुळे मटण-मासोळी उंबऱ्याच्या बाहेर. "आमची पोरगी राहीन तशी," कौशल्यानं बोलणीत सांगून टाकलं. "मासोळी पाहून पाहून तिचं मन भरलं हाये." तारीख वैशाखातली ठरली, लग्न मुलाकडे करायचं ठरलं.

बोलणी करून दोघं उमरेडहून परत आली. कौशल्या कपड्यांचं काय काय घ्यायचं ते बोलत होती. जागेश्वर खड्ड्यातलं पाणी काढत होता. मध्येच बादली खाली ठेवून तो म्हणाला, "लगन लागतानाचं लुगडं आपल्या मागावरचं पायजे."

हेडाऊंच्या घरची ती रीत होती. लेकीनं लग्नाला उभं राहताना नेसायचं लुगडं बापानं स्वतःच्या हातानं विणायचं. जागेश्वरच्या बहिणींची लुगडी त्याच्या बापानं याच खड्ड्यात पाय सोडून विणली होती. रीत कौशल्याला माहीत होती, पण माग गेला तेव्हा रीतही गेली, असं ती धरून चालली होती.

"कोन्या मागावरचं?" ती म्हणाली. "माग तं माळ्यावर धूळ खाऊन राहिला. आन खड्ड्यात मरळ हाये."

"मरळ काढू."

"काढू म्हनते! आन येनाऱ्या मानसायले काय सांगू?"

"सांग का मालक इनून राहिला."

कौशल्या बघतच राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या माणसानं काहीतरी हवं म्हटलं होतं. तिला राग यायचा तो आला, पण त्याच्याखाली काहीतरी हललंही. तिनं पदर खोचला आणि अंगणात लोखंडी पिंप ओढून आणलं.

मरळ पिंपात गेल्या. वैशाखाच्या तोंडावरच्या उन्हात त्यातल्या बऱ्याच मेल्या, उरल्या त्या रुपराव परत घेऊन गेला आणि खाणावळीत नुसतं मटण शिजायला लागलं. जागेश्वरनं खड्डा घासला. आधी राखेनं, मग चुन्यानं. शेणानं सारवला. दोन्ही दारं उघडी टाकून सुकू दिला. रुपराव गंमत पाहायला आला होता, त्यानं खड्ड्यात डोकं घालून सांगितलं, "चकाचक हाये गा, नवरदेव बसवा." रुपराव जन्मापासून जाळ्यात वाढलेला. त्याच्या नाकाची साक्ष काढणं म्हणजे हलवायाला साखर गोड आहे का विचारण्यासारखं. पण विचारायला दुसरं कोण होतं?

माळ्यावरून माग उतरला. फणीचे दात गंजले होते, एक दांडी उंदरांनी कुरतडली होती. जागेश्वरनं सगळं जुळवलं. ताणा चढवला, दोन्ही बाजूंना करवती काठ धरला, आणि एका सकाळी आंघोळ करून खड्ड्यात पाय सोडले. फळी दाबली. ती खाली गेली, वर आली. त्याला बरं वाटलं. फार दिवसांनी पाय आपले आहेत असं वाटलं.

नागपूरच्या उन्हाळ्यात विणकराचा मोठा शत्रू म्हणजे कोरडी हवा. सूत ताठ होतं, तडातड तुटतं. गाठी मारता मारता माणूस रडकुंडीला येतो. पण या वेळी जागेश्वरचा धागा तुटेना. वर्षानुवर्षं पाणी प्यालेला तो खड्डा आतून पाझरत होता आणि त्याची थंड ओल खालून वर येऊन ताण्याला लागत होती. बापाच्या वेळीही असं सूत चाललं नव्हतं. "खड्डा साथ देऊन राहिला," तो जयाला म्हणाला. जया शेजारी बसून कांड्यांवर सूत भरत होती.

"बाबा, मी गेल्यावर तुमी परत इनान का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग?"

"मंग मरळ."

ती हसली. तोही थोडासा हसला असावा, कारण तिनं मान वर करून त्याच्याकडे परत एकदा पाहिलं. मग दोघं आपापल्या कामाला लागले.

लुगडं उतरलं तेव्हा आळीतल्या बायका पाहून गेल्या. काठ सरळ होता, पदर भरला होता, रंग डोळ्यांत भरत होता. सगळ्या कोष्ट्यांच्याच लेकीसुना, त्यांच्या डोळ्यांना खोट सापडली नाही. त्याही सगळ्या कौशल्याच्या घरी वाटी घेऊन येणाऱ्या.

लग्न उमरेडला दुपारच्या मुहूर्तावर होतं. मांडवात माणसं दाटीवाटीनं बसली होती, वरून कापड तापलं होतं, वारा नव्हता. जया लुगडं नेसून आली आणि पाटावर बसली. तिला घाम आला. लुगडं ओलं व्हायला लागलं.

आधी एका बाईनं नाकाला पदर लावला. मग दुसरीनं. "काय वास येऊन राहिला वं?" सखूबाई इकडेतिकडे पाहायला लागल्या. कुणी म्हणालं उंदीर मेला असेल, कुणी म्हणालं मांजरीनं काही आणून टाकलं असेल. दोन जणांनी सतरंजी उचलून पाहिली, एक जण मांडवाच्या मागे जाऊन आला. कुठे काही नव्हतं. शेवटी एक म्हातारी नवरीची मुंडावळी सरळ करायला वाकली आणि तशीच मागे सरकली.

"लुगड्याले येऊन राहिला," ती सखूबाईंच्या कानात म्हणाली, पण अशा गोष्टी कानात राहत नाहीत.

कौशल्या पुढे झाली. लेकीचा पदर हातात घेऊन तिनं खोल श्वास घेतला. काही नाही. परत घेतला. तिनं नवऱ्याला बोलावलं. जागेश्वर मांडवातून सगळ्यांच्या देखत चालत आला, आपण विणलेला पदर नाकाशी धरून उभा राहिला. त्याला नव्या सुताचा वास आला. दुसरा कसलाही आला नाही.

"कायचा वास?" कौशल्यानं विचारलं.

"मासोळीचा," सखूबाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हती. तिनं आवाज चढवला नाही. "इहीणबाई, असं करा. माह्याजवळ नवं लुगडं हाये, सुरतेचं. पोरीले ते नेसवा. देवाब्राह्मणाच्या पुढं मासोळीचं कसं चालन? मुहूर्त टळून जाईन."

सगळे जागेश्वरकडे पाहत होते. त्यानं काही बोलायला हवं होतं. माफी मागायला हवी होती, नाहीतर भांडायला. हातात अक्षता होत्या, त्या त्यानं धरून ठेवल्या.

"मले तं काही वास येत नाही," जया म्हणाली. ती हट्टानं बोलत नव्हती. तिनं पदर स्वतःच्या नाकाशी नेला आणि सगळ्यांकडे पाहिलं. खरंच तिला समजत नव्हतं. "माह्या बाबानं इनलं हाये. मी हेच नेसून लगन लावीन."

नव्या नवरीनं असं बोलायची रीत नव्हती. मांडवात कुजबुज झाली. देवरावनं खाली मान घालून "राहू द्या ना माय" म्हटलं आणि विषय तिथे संपला. लग्न लागलं. सखूबाई पोटच्या पोराच्या लग्नात नाकाला पदर लावून हातभर लांब बसल्या. जागेश्वरनं अक्षता टाकल्या. परत येताना बसमध्ये कौशल्या शरमेनं रडत होती. तो खिडकीतून बाहेर बघत होता. शरम त्यालाही वाटायला हवी होती, पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वास आपल्याले येत नाही, आन तिलेही येत नाही. हे मनात धरून त्याला वाटभर बरं वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी खड्ड्यात पाणी पडलं. रुपराव डबे घेऊन आला, माग माळ्यावर गेला, मनोहरराव आपलं बंदर घेऊन पाटावर बसले.

आखाड लागला तेव्हा रिवाजाप्रमाणे जयाला माहेरी आणायचं होतं. देवरावच तिला घेऊन येणार होता. सकाळपासून कौशल्यानं घर सारवून काढलं, लेकीसाठी सगळ्यात मोठी मरळ बाजूला ठेवली आणि मग सासरची माळ आठवून पुरणही घातलं. जागेश्वर दारात उभा होता. पावसाची झड नुकतीच थांबली होती, हवा गार होती.

टांगा बोळाच्या तोंडाशी थांबला. जया उतरली. जरा भरली होती. बापाला पाहून ती जवळजवळ पळतच आली, उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि थांबली. तिचा हात वर गेला आणि पदर नाकाला लागला.

क्षणभरच. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं त्याच पदरानं कपाळ पुसलं, गाल पुसले. कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"लय गरम होऊन राहिलं ना, बाबा?" ती म्हणाली.

"हो," जागेश्वर म्हणाला. "लय."

ती वाकून पाया पडली आणि आत गेली. आतून कौशल्याचा आवाज, लेकीचा आवाज, भांड्यांचा आवाज यायला लागला. जया आईला म्हणत होती, मागचं दार उघडू का, जरा हवा येईन. कौशल्या म्हणत होती, उघड ना, तुहंच घर हाये.

जागेश्वर दारातच राहिला. त्याच्या छातीत दुखलं. इतकं स्पष्ट दुखलं, की तो चौकट धरून उभा राहिला. लग्नात लेक गेली नव्हती. ती आत्ता, या उंबऱ्यावर गेली होती.

मग तो खाली उतरला आणि बोळातून चालत सुटला. पाणंदीसारखा चिखल झाला होता, त्यातून अनवाणी थेट चौकापर्यंत गेला. तिथे भिजलेल्या मातीचा, घोड्याच्या लिदीचा, भज्यांचा वास होता. तो छातीभर घेतला, बराच वेळ घेतला, आणि मग श्वास रोखून घाईघाईनं परत आला. उंबऱ्यापाशी थांबून त्यानं नाक पुढे केलं आणि श्वास आत ओढला.

काही आलं नाही. तो परत चौकाकडे निघाला.

"बाबा," आतून जयानं हाक मारली, "बाहेर काहून फिरून राहिले? ताट वाढलं हाये."

"तुमी बसा," तो चालता चालता म्हणाला. "मी आलो."